सरकारांचं चुकत नसतं

"आज माझ्या मागे उभी राहायचं नाही, द्वारके," राणीसाहेब आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या. "आज शेजारी बसायचं, मान वर करून. बघायला येणार आहेत ते तुला, मला नव्हे."

"सरकार, सगळ्यांसमोर आपल्या शेजारी कशी बसू?"

"मांडी घालून! आणि ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड आधी नीट कर. रणनवऱ्यांच्या माईसाहेबांना हसरी मुलगी हवी आहे. मी चौकशी केली आहे."

मी हसले. राणीसाहेबांनी हसायला सांगितलं की मला हसू यायचंच; सहा वर्षांची सवय होती. पण त्या दिवशीचं हसू खरं होतं. नांदरगीच्या राजवाड्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि आम्ही सकाळीच हिरडगडाहून पडदे लावलेल्या मोटारीतून घाट उतरून आलो होतो. हळदीकुंकू हे निमित्त. नांदरगीचे सरदार रणनवरे यांच्या घरचं स्थळ राणीसाहेबांनी माझ्यासाठी स्वतः शोधलं होतं, स्वतः निरोप धाडले होते. मला एकोणिसावं सरत आलं होतं, आणि त्या काळी एकोणीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे आईबापांच्या जिवाला घोर. माझे वडील, मोरबाळे, हिरडगडचे मानकरी खरे, पण दसऱ्याच्या दरबारात अगदी शेवटच्या रांगेत बसणारे. त्यांच्या ऐपतीत असलं स्थळ स्वप्नातही आलं नसतं.

मी तेराव्या वर्षी राणीसाहेबांची सोबतीण म्हणून राजवाड्यात गेले, तेव्हा त्या स्वतः सोळा वर्षांच्या, नुकत्या लग्न होऊन आलेल्या. सोबतीण म्हणजे दासी नव्हे आणि पाहुणीही नव्हे. त्यांच्या मागे उभं राहायचं, पदर सारखा करायचा, समोरून येणाऱ्या बाईचं नाव आणि नातं हळूच कानात सांगायचं, सोंगट्यांत हरायचं. एवढं कुणालाही जमलं असतं. खरं काम मला आवडाक्काने शिकवलं. ही जनान्यातली सगळ्यात जुनी दासी. पहिल्याच दिवशी मला कोपऱ्यात घेऊन ती म्हणाली, "ध्यानात ठिव पोरी. सरकारांचं कदी चुकत नसतंय. चुकल्यागत दिसलं, तर जी जवळ उभी असंल तिचं चुकलं."

"आणि मी काहीच केलं नसेल तर?"

"तर काय? तोंड हाय न्हवं? चुकलं माझं म्हणायचं. जनान्यात त्याला चूक उचलनं म्हंत्यात. खाली पडल्याली वस्तू उचलतीस का न्हाई? तसंच."

आठवड्याच्या आतच उचलायची पाळी आली. सत्यनारायणाच्या कथेत डुलक्या घेता घेता राणीसाहेब समईवर कलंडल्या. समई आडवी, तेल गालिच्यावर. त्यांच्या सासूबाई, आमच्या आईसाहेब, मान वळवतात तोवर आवडाक्काचं कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि मी म्हणाले, "चुकलं माझं. माझा धक्का लागला." मी समईपासून चार हात लांब होते. आईसाहेब रागावल्या मला, पण बघत होत्या राणीसाहेबांकडे. "मोरबाळ्यांच्या घरात मुलींना नीट बसायला शिकवत नाहीत वाटतं?" त्या म्हणाल्या. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मोरबाळ्यांचं नाव तेवढं बद्दू झालं, पण आमच्या नावाला तिथे विचारत होतं कोण?

त्या रात्री राणीसाहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "वाचवलंस गं द्वारके," म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, मलाही आवरेना. पहिलं वर्षभर असंच चाललं. दिवसा मी चूक उचलायची आणि नंतर एकट्या असलो की त्या माझे आभार मानायच्या. पुढे पुढे त्या काही म्हणेनाशा झाल्या. रोजचंच झालं, त्यात आभार ते किती मानणार, अशी मी मनाची समजूत घातली.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला आणि आवडाक्काला ठाऊक होती. कुणाकडे जाऊन आलं की राणीसाहेबांच्या शेल्याच्या घडीत काहीतरी सापडायचं. कधी कुणाची कंगवी, कधी अत्तराची कुपी, एकदा तर लहान मुलीचा खुळखुळा. मी ती वस्तू आवडाक्काच्या हाती परत धाडायची, "चुकून आमच्या सामानात आलं" म्हणून. राणीसाहेबांना मी कधी विचारलं नाही. त्यांच्या अंगावर शेरभर सोनं असायचं, पण ते जामदारखान्यातून मोजून यायचं आणि सण संपला की मोजून परत जायचं. माहेरच्या, फणी-कुंकू ठेवायच्या एका फणेरपेटीखेरीज त्यांचं स्वतःचं म्हणावं असं त्या राजवाड्यात काही नव्हतं. मला त्यांची कीव यायची. माझी मायाही होती त्यांच्यावर, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तर नांदरगीच्या दिवाणखान्यात गौर झोपाळ्यात बसली होती. पुढे आरास, कलिंगडाची कोरलेली कमळं, वाळ्याचे पडदे भिजवून सोडलेले, त्यामुळे बाहेर ऊन रणरणत असूनही आत गारवा होता. पन्ह्याचे पेले फिरत होते. पन्नासेक बायका असतील. नांदरगीच्या राणीसाहेब वयस्क, सगळ्या त्यांना थोरल्या बाईसाहेब म्हणत. त्यांच्या उजव्या हाताला रणनवऱ्यांच्या माईसाहेब बसल्या होत्या. अंगाने भरलेल्या, आवाज मोठा, आणि डावी पापणी किंचित झुकलेली, त्यामुळे सारखा डोळा मारतायत असं वाटे.

"तू द्वारका का? ये, जवळ ये. सोंगट्या खेळतेस म्हणे."

"हो."

"जिंकतेस का?"

मी राणीसाहेबांकडे पाहिलं. "सरकारांशी खेळते, त्यामुळे नाही."

माईसाहेब एवढ्या मोठ्याने हसल्या की थोरल्या बाईसाहेबांनी वळून बघितलं. "उत्तर ऐकलंत? आमच्या विश्वासला असलीच पाहिजे. तो दिसायला बरा आहे, पुण्याला शेतकी शिकतो, पण सांगून ठेवते, घोड्यावर ऐटीत चढतो आणि उतरताना पडतो. चालेल?"

"मी धरीन," मी बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. राणीसाहेबांनी मला हळूच चिमटा काढला. त्या मनापासून खूश होत्या.

"आमचं घर काही राजवाडा नाही हं," माईसाहेब म्हणाल्या. "माणसं फार आणि सोपा लहान. कुणी कुणाच्या मागे उभं राहील म्हटलं तर जागाच नाही. सगळी एकमेकांना खेटून बसतात."

मला ते घर हवं झालं. नवऱ्याचा मी फोटोसुद्धा नीट पाहिला नव्हता, पण तो लहान सोपा आणि त्यात खेटून बसलेली माणसं मला डोळ्यांसमोर दिसली. तेवढ्यात माईसाहेबांनी राणीसाहेबांपुढे हात जोडले. "मुलगी आम्हाला पसंत आहे, सरकार. आपली ओटी भरून झाली की साखर वाटू."

विड्याचं तबक फिरत फिरत आमच्यापुढे आलं. चांदीचं तबक, त्यात चुनाळं, लवंगा-वेलदोड्याच्या वाट्या आणि पोपटाच्या आकाराचा चांदीचा अडकित्ता, डोळ्याच्या जागी लाल खडा. राणीसाहेबांनी विडा उचलला. मी माईसाहेबांच्या कुठल्याशा प्रश्नाला उत्तर देत होते. तबक पुढे सरकलं आणि जरा वेळाने तिकडून दासीचा दबका आवाज आला, "अडकित्ता कुठं गेला गं?"

मी शेजारी बघितलं. राणीसाहेबांचा डावा हात पदराखाली होता आणि मूठ मिटलेली होती.

मी वाकून पुटपुटले, "सरकार, पदर सरकलाय. द्या, नीट करते."

"नीट आहे."

"जरासा द्या नुसता. क्षणभर."

"द्वारके, माझ्याकडे काय बघतेस? तुझ्या सासूबाईंकडे बघ," त्या हसून म्हणाल्या. चेहरा अगदी निवांत होता.

एरवी मी मागे असायची. मागून पदर सारखा करता करता माझ्या बोटांनी काय काय काढून घेतलं असेल, गणती नाही. पण आज मला मानाने शेजारी बसवलं होतं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते आणि शेजारून हात पोचत नव्हता. दासी तबकाखाली बघत होती, गालिच्याची कड उचलून बघत होती. मी मनातल्या मनात भवानीला नवस बोलत होते की एवढं हळदीकुंकू निभू दे, अडकित्ता मी स्वतः पोचता करीन.

"या, हिरडगडकर," थोरल्या बाईसाहेब उठल्या. "ओटी भरू दे."

राणीसाहेब पाटावर उभ्या राहिल्या. समोर नारळ, खण, भिजवलेले हरभरे. ओटी म्हटलं की बाईचे हात आपोआप पदर पसरतात. त्याला विचार लागत नाही. लहानपणापासून आईच्या मांडीवर बसून बघितलेली ती गोष्ट. राणीसाहेबांनीही दोन्ही हातांनी पदर पसरला.

अडकित्ता पाटावर पडला, खणकन वाजला आणि घसरत जाऊन गौरीपुढच्या कलिंगडाला अडला.

थोरल्या बाईसाहेबांच्या हातातला नारळ हातातच राहिला. गाणी म्हणणाऱ्या बायका अर्ध्या ओळीत थांबल्या. पन्नास बायकांनी पाहिलं होतं, कुठून पडला ते. राणीसाहेबांनी मान मागे वळवली. मागे मी नव्हते. मग त्यांनी मला शोधलं, आणि शेजारी मी सापडले.

तोंड माझ्या आधी बोललं. "चुकलं माझं."

ते वाक्य मी हजारदा म्हटलं असेन. या वेळी ते तेवढ्यावर भागणारं नव्हतं. समई पडली की धक्का लागला म्हणता येतं. पदरातून अडकित्ता पडल्यावर काय म्हणायचं? "मीच घेतला," मी म्हणाले. "मला आवडला. सरकारांच्या पदरात लपवला. त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं."

"द्वारके!" राणीसाहेब म्हणाल्या. "अगं, काय केलंस हे!"

किती बेमालूम करतायत, असं त्याही स्थितीत माझ्या मनात आलं.

आणि मग दिवाणखान्याने श्वास सोडला. मला तो ऐकू आला. "पोर आहे, झालं," असं म्हणून थोरल्या बाईसाहेबांनी नारळ पदरात घातला. दासीने अडकित्ता उचलून पुसला. गाणं पुढच्या ओळीपासून सुरू झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन संस्थानांची अब्रू वाचली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशीणच फास घेऊन धावली होती. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळ्यांनी माझं ऐकलं होतं. तरी माझ्या डावीकडच्या बाईने आपली पानसुपारीची चंची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. तिला खरं माहीत होतं, पण चंची तिने उचललीच.

मी मान वर करू शकत नव्हते. माझं अंग भाजत होतं. तुम्ही म्हणाल, केलं नाही त्याची लाज कसली? पन्नास बायकांमध्ये बसून बघा.

माईसाहेबांनी माझं मनगट धरलं आणि मला बाहेरच्या ओसरीवर नेलं. तिथे पन्ह्याची पिंपं होती, बाकी कुणी नव्हतं. आता त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"अडकित्ता कुठून पडला ते मी पाहिलंय."

"मीच ठेवला होता, माईसाहेब."

"ऐक आधी. मी तबक येताना पाहिलं, जाताना पाहिलं, तू माझ्याशी बोलत होतीस. मी हे कुणाला सांगणार नाही. थोरल्या बाईसाहेबांनासुद्धा नाही. तू बोलूसुद्धा नकोस. मी विचारते, तू घेतलास का? नुसती मान हलव. नाही म्हण. मी आत जाऊन साखर वाटते, मग कुणाला काय बोलायचं ते बोलू दे."

मान हलवायची. एवढंच. कुणाचं काही जाणार नव्हतं. माझी मान हललीही असती, पण माईसाहेबांच्या पाठीमागे दारात राणीसाहेब उभ्या होत्या. भरलेली ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. माईसाहेबांना त्या दिसत नव्हत्या.

"मीच घेतला," मी म्हणाले.

 माईसाहेबांनी माझ्या गालावर हात ठेवला. तळवा गरम आणि खरखरीत होता. "मग आता मी काय करू गं?" त्या म्हणाल्या. "तुझ्या वडलांना पत्रिका जुळत नाही म्हणून कळवीन. त्यात कुणाला कमीपणा नाही."

"बरं."

"चोरीला मी भीत नाही, पोरी. तू चोर नाहीस. पण तू घरात आलीस तर माझा विश्वास उद्या जे जे करील ते सगळं तू अंगावर घेशील. आणि आपण काही केलं हे त्याला कधी कळायचंही नाही." त्या वळल्या, दारात राणीसाहेबांना बघून थबकल्या, मुजरा केला आणि आत गेल्या.

त्या काय म्हणाल्या ते मला तेव्हा कळलं नाही. एवढंच कळलं की लग्न मोडलं आणि त्या आता साखर वाटणार नाहीत.

ऊन कललं तशी आमची मोटार निघाली. पुढे ड्रायव्हरशेजारी आवडाक्का, मागे पडद्याआड आम्ही दोघी. घाट लागला. राणीसाहेब पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होत्या. मी वाट बघत होते. मला काही मोठं नको होतं. पहिल्या वर्षी म्हणायच्या तेवढंच त्यांनी माझे हात धरून म्हणावं, आणि मी म्हणणार होते, असू द्या सरकार. हे वाक्य मी मनात दोनतीनदा घोळवूनही ठेवलं होतं. तेवढं झालं असतं तर मी ते लग्न विसरलेही असते. इतकी मी त्यांची होते.

दुसरं वळण गेल्यावर त्यांनी खरंच माझा हात हातात घेतला.

"द्वारके."

"सरकार."

"मी आईसाहेबांना काही सांगणार नाही. आवडाक्कालाही ताकीद देते. पण असं का केलंस गं? माझ्याकडे मागायचं होतंस. मी तुला नाही म्हटलं असतं का कधी?"

मला वाटलं, आवडाक्का पुढे बसली आहे, तिला ऐकू जावं म्हणून बोलतायत. पण आवडाक्कापासून लपवायचं असं होतं काय? मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. कुठेतरी एखादी खूण असेल, डोळ्याचा कोपरा हलेल, म्हणून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला किती लाज वाटली आज," त्या म्हणाल्या. "एवढ्या बायकांत. धाकट्या बहिणीसारखी वागवते मी तुला, शेजारी बसवलं, आणि तू माझ्याच पदरात... माईसाहेबांची मी समजूत घातली असती, पण चोरी म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने बोलू?"

नाटक नव्हतं ते. असतं तर बरं झालं असतं. सहा वर्षं त्यांची प्रत्येक चूक त्यांच्या पायाशी पडायच्या आत कुणीतरी उचलली होती, बहुतेक वेळा मीच. आपल्या हातून काही पडतं हे त्यांना ठाऊकच राहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतली माझ्याबद्दलची लाज खरी होती. आणि ती बघून मलाही लाज वाटली, मान खांद्यांत शिरावी अशी. अडकित्ता मी घेतला नव्हता हे मला त्या वेळी प्रयत्नाने आठवावं लागलं.

"चुकलं, सरकार," मी म्हणाले.

"नुसतं चुकलं म्हणून नाही चालायचं. हे तुझ्याच भल्यासाठी सांगते. मोह कुणालाही होतो, पण तो आवरायचा असतो. घे, माझ्या हातावर हात ठेव. भवानीची शपथ घे की पुन्हा कुणाच्या वस्तूला हात लावणार नाहीस."

पुढच्या बाकावर आवडाक्काची पाठ ताठ झालेली मला दिसली. ती वळली नाही.

मी राणीसाहेबांच्या हातावर हात ठेवला आणि शपथ घेतली. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले, मग स्वतःचे पुसले, आणि घाट संपेपर्यंत माझा हात सोडला नाही. आज मी सत्तरी ओलांडली आहे. ती शपथ मी अजून मोडलेली नाही.